जंगलातला जुना रस्ता मिटवताना : पाणी त्याच्या ओढ्याला परत कसं द्यायचं

सह्याद्रीच्या जंगलांत असे कितीतरी कच्चे रस्ते आहेत जे आता कुणाला नको आहेत. काही लाकूडतोडीच्या काळातले, काही धरणाच्या किंवा खाणीच्या कामासाठी काढलेले, काही वीजवाहिनीच्या मनोऱ्यांकडे नेणारे, तर काही गाव उठून दुसरीकडे वसल्यावर मागे उरलेले. वापर थांबला की रस्ता आपोआप जंगलात मिसळून जाईल असं आपण धरून चालतो. वरवर तसं दिसतंही. दोन-तीन पावसाळ्यांत रानमोडी आणि घाणेरी ही झपाट्याने पसरणारी तणझुडपं माजतात, चाकोऱ्या दिसेनाशा होतात. पण त्या झुडपांखाली मोरी, म्हणजे ओढ्याचं पाणी रस्त्याखालून पलीकडे नेणारा पाइप, असते, गटार असतं, दरीच्या कडेला ढकललेला भराव असतो. फरक इतकाच पडतो की मोरी साफ करायला आता कुणी येत नाही. वापरातला रस्ता वाहून गेला तर दुसऱ्या दिवशी बोभाटा होतो. टाकलेला रस्ता ओढ्यात उतरला तर खालच्या गावाला फक्त गढूळ पाणी दिसतं.

हा लेख नव्याने रुजू झालेल्या वनरक्षकांसाठी, वन व्यवस्थापन समितीतल्या आणि ग्रामसभेतल्या मंडळींसाठी आहे. पाणलोटाची कामं केलेल्या, पण रस्ता मिटवण्याचं काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी तर खासच. या शेवटच्या गटाला एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे आणि माळरानावर ते बरोबरच आहे. पण तीव्र डोंगरउतारावरच्या रस्त्याच्या भरावात पाणी अडवलं आणि जिरवलं, तर तो भराव फुगतो, जड होतो आणि एका रात्रीत खाली जातो. इथं पाणी साठवायचं नसतं. रस्त्याने गोळा केलेलं पाणी थोडं थोडं करून, ज्या ओढ्याचं त्या ओढ्याला द्यायचं असतं. पुढची प्रत्येक पायरी याच कसोटीवर तपासून पाहा.

रस्ता पाण्याचं काय करतो

रस्ता तीन प्रकारे पाणी पळवतो. एक म्हणजे गाड्यांनी दाबून घट्ट झालेल्या मुरमात पाऊस मुरत नाही, तो वरून वाहतो. दुसरं, डोंगर कापून रस्ता काढताना मातीच्या आतून हळूहळू उतरणारं पाणी कापलेल्या भिंतीतून बाहेर पडतं आणि गटारात येतं. एरवी हेच पाणी झिरपत झिरपत चार दिवसांनी ओढ्याला मिळालं असतं. तिसरं सर्वांत घातक. डोंगराकडचं गटार एका ओढ्याचं पाणी उचलून दुसऱ्या ओढ्याकडे, नाहीतर जिथं कधी ओढाच नव्हता अशा उतारावर नेऊन सोडतं.

आकडा डोळ्यांसमोर असलेला बरा. ४ मीटर रुंद आणि ५०० मीटर लांब रस्त्याचं क्षेत्र २,००० चौरस मीटर होतं. त्यावर १०० मिलीमीटर पाऊस पडला की २ लाख लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे २० टँकर. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलीमीटर पावसाची नोंद झाली. त्या हिशेबाने याच अर्ध्या किलोमीटरवर जवळपास १२ लाख लिटर पाणी पडतं, आणि यात वरच्या डोंगराचं पाणी धरलेलंच नाही. हे सगळं एका मोरीकडे जात असेल आणि ती मोरी तुंबलेली असेल, तर पुढं काय होणार ते वेगळं सांगायला नको.

रस्ते मिटवण्याचा सर्वांत जुना आणि नीट मोजलेला अनुभव अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा आहे. तिथल्या रेडवूड राष्ट्रीय उद्यानाची हद्द १९७८ मध्ये वाढवली, तेव्हा लाकूडतोड झालेले डोंगर आणि त्यांवरचे शेकडो किलोमीटर रस्ते उद्यानात आले. सुरुवातीच्या वर्षांत हाताने बांधलेले छोटे बांध, लाकडी पन्हळी, काटक्यांचे कूड यांवर फार श्रम खर्ची पडले. पुढं उद्यानाने यंत्राने मोरीवरचा भराव काढून मूळ ओढा उघडा करण्यावर भर दिला, कारण खर्च झालेल्या पैशात जास्त माती त्याने वाचत होती. १९९७ च्या मोठ्या वादळानंतर तिथं मोजणी झाली. मिटवलेल्या रस्त्यांच्या सुमारे ८० टक्के तुकड्यांवर धूप जवळजवळ दिसली नाही. ओढ्यांत गेलेली माती तशाच टाकलेल्या रस्त्यांच्या मानाने साधारण चौथा हिस्सा होती. जी नासधूस झाली ती मुख्यतः डोंगराच्या खालच्या अंगाला, तीव्र उतारांवर. आपल्याकडे पाऊस वेगळा, खडक वेगळा, पण कुठं जास्त लक्ष द्यायचं हे यावरून नक्की शिकता येतं.

आधी परवानगी, मग कोणता रस्ता

जंगलातलं कोणतंही खोदकाम वनविभागाच्या परवानगीशिवाय होत नाही. अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात किंवा व्याघ्र प्रकल्पात नियम आणखी कडक आहेत. सामूहिक वनहक्क मिळालेल्या क्षेत्रात ग्रामसभेचा ठराव लागतोच. संस्थेने किंवा स्वयंसेवकांनी पाहणी, नकाशा आणि हातकाम करावं. यंत्राचं काम विभागाच्या देखरेखीखालीच व्हावं.

सगळे जुने रस्ते मिटवायचे नसतात. वणव्याच्या दिवसांत जाळरेषेपर्यंत (वणवा अडवण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यापर्यंत) पोचायला, गस्तीला लागणारे रस्ते ठेवायचे असतात, त्यामुळे त्या बीटच्या, म्हणजे गस्तीच्या हद्दीच्या, वनरक्षकाबरोबर बसून यादी करा. रस्ता ज्यांचा होता त्यांनाही विचारा. पुनर्वसन झालेल्या गावातली माणसं जुन्या गावठाणातल्या देवाला वर्षातून एकदा येत असतील, गवळी-धनगरांची जनावरं त्याच वाटेने पाण्यावर जात असतील. गाडीरस्ता मिटवून पायवाट ठेवता येते, आणि ती आधीच आखून दिली तर पुढं तुमचे चर कुणी बुजवत नाही.

यादी झाली की प्राधान्य धोक्यावरून ठरवा. ज्याच्यावर मोऱ्या जास्त, जो ओढ्याला लागून जातो, ज्याच्या खाली वस्ती किंवा पाणीयोजनेची विहीर आहे, तो रस्ता आधी. डोंगरधारेवरून जाणारा कोरडा रस्ता दहा वर्षं थांबला तरी चालेल.

पाहणी पावसातच करा

उन्हाळ्यात रस्ता पाहून केलेला आराखडा कागदावर छान दिसतो, पण झरे त्यात दिसत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये, जोराची सर चालू असताना, रस्त्याच्या वरच्या टोकापासून चालत या. एकट्याने जाऊ नका. वरून दगड येत असतील तर कापलेल्या भिंतीच्या बुडाशी उभं राहू नका. जळवा लागणारच, त्याची तयारी ठेवा.

चालताना पाण्याचा मागोवा घ्या. हे पाणी रस्त्यावर कुठून आलं, किती अंतर रस्त्याने चाललं, कुठं उतरलं? प्रत्येक अशा जागी दगडावर गेरूने खूण आणि फोनवर जागेची नोंद करा. नोंदवहीत चार गोष्टी हव्यात : मोरी, झरा, भरावातली भेग आणि रस्त्याचा चढ. चढ टक्क्यांत लिहा. १०० फूट चालल्यावर १० फूट चढलो तर १० टक्के. पाणलोटाच्या कामातली ए-फ्रेम (पातळी मोजायची A आकाराची चौकट) किंवा पाण्याची नळी असेल तर तीच वापरा.

मोरीच्या वरच्या तोंडाशी दोन मिनिटं वाकून पाहा. बहुतेक ठिकाणी दृश्य ठरलेलं असतं. ह्यूम पाइपाचं, म्हणजे मोरीतल्या सिमेंटच्या नळीचं, तोंड अर्ध्यापर्यंत वाळूने भरलेलं, उरलेल्या फटीत बांबूची कांबटं आणि कुजका पाला, त्यावर एखादी जांभळीची फांदी आडवी. पाइपाच्या वर, भरावाच्या मातीवर पाणी मागच्या पुरात कुठवर चढलं होतं त्याची पालापाचोळ्याची रेघ असते. ती रेघ रस्त्याच्या पातळीच्या वीतभर खाली असेल, तर या मोरीला पुढच्या मोठ्या पुराची वाट पाहायला लावू नका. मग खालच्या तोंडाशी जा. पाइप हवेत लटकत असेल आणि त्याखाली डोह पडला असेल, तर पाणी भरावाला पायथ्यापासून खातंय.

तिथंच उभं राहून आणखी एक प्रश्न विचारायचा : मोरी पूर्ण बंद झाली तर पाणी कुठं जाईल? ते भराव ओलांडून त्याच ओढ्यात पडणार असेल तर नुकसान त्या भरावापुरतं. पण रस्ता एका बाजूला उतरत असेल तर ओढा रस्त्याने चालू लागतो आणि शंभर-दोनशे मीटरवर भलत्याच उतारावरून खाली उडी मारतो. नवी घळ पडते ती अशी. अशा मोऱ्या नकाशावर लाल करा.

भरावातली भेग ओळखायला नजर बसवावी लागते. दरीकडच्या कडेला समांतर जाणारी, चंद्रकोरीसारखी वळलेली भेग, तिच्या पलीकडचा भाग बोटभर खचलेला. खालच्या उतारावरची झाडं बुंध्याशी वाकून मग सरळ झालेली. उन्हाळ्यातही नेचे आणि शेवाळ हिरवं राहणारी जागा. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर तिथं भराव काढायचाच.

कामाचं वेळापत्रक

ओढे आटले की सुरुवात, म्हणजे साधारण डिसेंबर-जानेवारी. १५ मेपर्यंत मातीकाम संपलं पाहिजे. मृग लागेपर्यंत वेळ आहे असं समजून चालू नका, वळवाचा एक तासाचा पाऊसही उघड्या मातीची वाट लावतो. जेवढं एका हंगामात पूर्ण होईल तेवढंच उकला. अर्धवट काढलेली मोरी ही न काढलेल्या मोरीपेक्षा वाईट.

काम नेहमी दूरच्या टोकाकडून रस्त्याच्या तोंडाकडे, मागे मागे येत करायचं. मोरी काढली की यंत्राला पलीकडे जाता येत नाही, हे साधं वाटतं, पण निविदेत अंतरं शून्यापासून मांडलेली असतात आणि काम तसंच सुरू होतं. यंत्र पोकलेनच (पट्ट्यांवर चालणारं लांब हाताचं खोदयंत्र) घ्या. जेसीबीची पोच कमी पडते. २० टनी पोकलेन साधारण ६ मीटर खोल खोदतं आणि माती उचलून पाठीमागे ठेवतं. चालक मात्र निवडून घ्या. रस्ते बांधणारा चालक सपाट करायला शिकलेला असतो. त्याला पहिल्या दिवशी सोबत चालवून, इथं काय हवंय ते जागेवर दाखवा.

मोरी काढणं

सगळ्या कामात हे सर्वांत महत्त्वाचं. पैसा कमी पडला तर बाकी सोडा, हे सोडू नका.

आधी माती किती निघेल याचा अंदाज घ्या. समजा भराव ३ मीटर खोल आहे आणि ओढ्याचा तळ २ मीटर रुंद. दोन्ही काठ ‘दोन आडवे, एक उभा’ (एक मीटर उंचीला दोन मीटर आडवं) या उताराने मोकळे करायचे, तर वरची रुंदी १४ मीटर होते. छेदाचं क्षेत्र २४ चौरस मीटर. ओढ्याच्या दिशेने भरावाची सरासरी जाडी ८ मीटर धरली तर १९२ घनमीटर, म्हणजे ६८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). खोदल्यावर माती फुगते, त्यामुळे प्रत्यक्षात ८५ ब्रास ठेवायला जागा लागेल. ती जागा यंत्र येण्याआधी ठरलेली असावी : मोरीपासून दूर, रस्त्याच्याच कोरड्या तुकड्यावर, डोंगराकडच्या भिंतीला टेकवून. दरीच्या कडेला नाही, झऱ्यावर नाही, दुसऱ्या ओढ्याच्या तोंडाशी तर मुळीच नाही.

ओढा बारमाही असेल तर वरच्या अंगाला वाळूच्या गोण्या लावून पाणी अडवा आणि प्लॅस्टिकच्या पाइपातून उताराने थेट कामाच्या खाली सोडा. एवढा वेळच काय ते पाणी अडवायचं. डिझेल भरणं, ग्रीस मारणं ओढ्यापासून लांब करा.

आता खोदाई. वरून लाल मुरूम निघतो, मग दगडगोटे, कधी फुटक्या पाइपाचे तुकडे, रस्ता बांधताना टाकलेले ओंडके. बकेटच्या शेजारी, पण तिच्या कक्षेबाहेर, एक माणूस पहार घेऊन उभा पाहिजे. त्याने मातीचा रंग पाहत राहायचं. भरावाच्या तळाशी पोचलात की लाल माती संपून एक काळपट, मऊ थर लागतो. बोटांत चोळला तर त्यात कुजलेल्या पानांच्या शिरा दिसतात, वास जंगलातल्या मातीचा येतो, कधी जागच्या जागी कापलेल्या झाडाचा बुंधा मुळांसकट उभा असतो. रस्ता होण्याआधीची जमीन ती. काठांवर हा थर लागला की तिथं थांबायचं. ओढ्याच्या पोटात गुळगुळीत, एकमेकांत घट्ट बसलेले गोटे किंवा काळा कातळ लागला की तो मूळ तळ.

यापेक्षा खाली जाऊ नका. तळ गरजेपेक्षा खोल झाला तर वरच्या बाजूला पायरी तयार होते आणि ती पायरी पुरागणिक मागे मागे खात जाते. कमी खोदलं तर उरलेली माती ओढा स्वतः खोदून नेतो. म्हणून वर १५-२० मीटर आणि खाली १५-२० मीटर ओढ्याच्या तळाला दोरी किंवा नळी लावून पातळी घ्या. नवा तळ या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेत बसला पाहिजे. रुंदीही वरच्या-खालच्या नैसर्गिक ओढ्याएवढी, थोडी जास्त चालेल, कमी नको. वरच्या तोंडाशी वर्षानुवर्षं साचलेला गाळही काढावा लागतो. तो मोरीमुळेच साचला होता, मोरी गेल्यावर तो राहणार नाही.

दहा हेक्टर पाणलोटाचा छोटा ओढा, ताशी १०० मिलीमीटरची सर आणि त्यातलं ६० टक्के पाणी वाहतं असं धरलं तर सेकंदाला सुमारे १.७ घनमीटर पाणी येतं. एवढं पाणी ९०० मिलीमीटरच्या पाइपालाही तोंडाशी तुंबल्याशिवाय जात नाही. त्यामुळे ‘जुना पाइप काढायचा आणि त्याच रुंदीचा चर ठेवायचा’ हा हिशेब चुकीचा. माप ओढ्याचं घ्यायचं, पाइपाचं नाही.

इथं अनुभवी पाणलोट कार्यकर्त्याचा हात एका गोष्टीसाठी शिवशिवतो : उघड्या केलेल्या ओढ्यात दोन-तीन अनघड दगडी बांध घालायचे. माझं मत स्पष्ट आहे, घालू नका. ताज्या मातीच्या काठांत बांध घातला की पाणी त्याला बगल देऊन काठ कापतं. तळ मूळ पातळीवर आणि काठ पुरेसे तिरके असतील तर बांधाची गरज नसते. नसतील तर बांधाने ते झाकलं जात नाही. खोदताना निघालेले मोठे दगड काठांच्या पायथ्याशी, पुराच्या पातळीपर्यंत रचा, तेवढं पुरे.

भराव मागे ओढणं

पाहणीत भेगा सापडलेल्या जागी यंत्र रस्त्यावर उभं करून दरीकडची सैल माती उचलायची आणि डोंगराकडच्या भिंतीला लावायची. काळा थर लागेपर्यंत. साठ टक्क्यांहून तीव्र उतारावर, खाली ओढा असेल तर भेग नसली तरी हे करावं. पूर्ण रस्ता बुजवून डोंगराचा मूळ आकार आणणं सुंदर दिसतं, पण खर्चीक आहे आणि सगळीकडे लागतही नाही. मध्यम उतारावर दरीकडे ढाळ दिला की काम भागतं.

झऱ्यांच्या जागी मात्र जपून. कापलेल्या भिंतीतून पाणी येतं त्यावर माती लावून जागा ‘साफ’ केली की पाणी आत कोंडतं आणि लावलेली माती पहिल्याच पावसाळ्यात चिखल होऊन निघून जाते. झऱ्यासमोरची जागा उघडी ठेवा. त्याच्या तोंडापासून रस्ता ओलांडून दरीकडच्या मूळ जमिनीपर्यंत दगड भरलेला चर काढा. हा चर पुढच्या कुठल्याच मातीखाली जाऊ देऊ नका. पाहणी पावसात करायची ती याच्याचसाठी.

आडवे चर

मोऱ्या आणि भराव झाल्यावर उरलेल्या रस्त्यावर आडवे चर घ्यायचे, म्हणजे पाणी रस्त्याने लांब पळणार नाही. रस्ता ५ टक्क्यांपर्यंत चढाचा असेल तर घट्ट मुरमात ७५ मीटरवर आणि सहज धुपणाऱ्या मातीत ४० मीटरवर एक. ६ ते १० टक्के चढाला ६० आणि ३०. ११ ते १५ टक्क्यांना ४५ आणि २०. १६ ते २० टक्क्यांना ३५ आणि १५. घाटमाथ्यावर, जिथं पाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो, तिथं माती कशीही असली तरी मी दुसरा, म्हणजे कमी अंतराचा आकडा धरतो. चार चर जास्त झाले तर काही बिघडत नाही.

चर रस्त्याला अगदी काटकोनात नको, सुमारे ३० अंश तिरका, वाहत्या दिशेने. डोंगराकडच्या गटाराच्या तळापासून सुरू झाला पाहिजे. गटार तसंच पुढं चालू राहिलं तर चर कोरडा आणि गटार भरलेलं असं होतं, म्हणून चराच्या खालच्या बाजूला गटारात मातीचा घट्ट अडसर घाला. तळाला दरीकडे ३ ते ५ टक्के ढाळ, खोली गुडघ्याएवढी, काठ उतरते. निघालेली माती चराच्या खालच्या बाजूला वरंबा करून दाबा.

शेवटचं टोक सर्वांत महत्त्वाचं. चराचं पाणी भरावावर पडता कामा नये. ते पक्क्या जमिनीवर, झाडांच्या मुळांत, पसरलेल्या दगडांवर सोडा. ठरलेल्या अंतरावर खाली भराव येत असेल तर चर दहा मीटर मागे-पुढे करा. अंतराचा आकडा जमिनीसाठी आहे, जमीन आकड्यासाठी नाही.

रस्ता फोडणं आणि झाकणं

घट्ट झालेला पृष्ठभाग ४५ ते ६० सेंटिमीटर खोल फोडला की पाणी मुरायला लागतं आणि मुळं उतरतात. पण क्रम पाळा : सैल भराव काढल्याशिवाय रस्ता फोडू नका, नाहीतर भरावात पाणी शिरायला आपणच वाट करून देतो. फोडलेल्या मातीवर जवळचाच पालापाचोळा, कापलेली झुडपं, वाळलं गवत पसरा. बी धरलेली रानमोडी किंवा घाणेरी त्यात नको. बाहेरची माती आणि बाहेरचं गवत आणू नका. शेजारच्या जंगलातली कारवी, निरगुडी, करवंद, ओढ्याकाठी वाळा आणि वाळुंज पुरेसे आहेत. वाळुंजाच्या फांद्या पाऊस सुरू झाल्यावर ओल्या काठात खोचल्या तरी जगतात.

जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, यातलं काहीच लागू नाही. तिथं रस्ता म्हणजे कातळावरच्या चाकोऱ्या. पश्चिम घाटाची जी ठिकाणं २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, त्यात महाराष्ट्रातली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत, आणि सड्यांवरची फुलं बोटभर मातीत जगतात. तिथं खोदू नका, माती टाकू नका. चाकोरीने पाणी पळत असेल तर तिथलेच सुटे दगड आडवे ओळीने ठेवा आणि गाडी येणं बंद करा.

गाडी बंद करण्यासाठी रस्त्याच्या तोंडाशी मोठे दगड किंवा खंदक करतात. खंदकाला बाहेर जायला वाट ठेवा, नाहीतर तिथंच तळं होतं. मोटारसायकली बगलेने आत जाणार नाहीत अशी झाडोऱ्याची जागा निवडा. एका मोसमात दहा मोटारसायकली चराचा वरंबा सपाट करतात.

पहिला पावसाळा

मोठ्या पावसानंतर लगेच फेरी मारा. सोबत कुदळ, फावडं, घमेलं असू द्या. बहुतेक दुरुस्त्या हाताने होण्याजोग्या असतात : पाल्याने तुंबलेला चर, खचलेला वरंबा, चराच्या टोकाशी पडू लागलेली छोटी घळ. मोरीच्या जागी ओढ्याचं पाणी वर आणि खाली दोन बाटल्यांत भरून शेजारी धरा. खालचं फार गढूळ असेल तर मधल्या काठांपैकी कुठला तरी सुटतोय. ठरलेल्या दगडावर उभं राहून दरवेळी तोच फोटो घ्या, तारीख टाकून. काठांची थोडी माती पहिल्या वर्षी जातेच, त्याने घाबरू नका. ओढ्याच्या तळात वरच्या दिशेने सरकणारी पायरी दिसली, किंवा लावलेल्या भरावात नवी ओल आणि भेग दिसली, तर मात्र पाऊस ओसरताच यंत्र परत आणावं लागेल. त्यासाठी अंदाजपत्रकात पहिल्यापासून रक्कम राखून ठेवा, कारण काम पूर्ण झाल्याचा दाखला गेल्यावर ती मिळवणं कठीण जातं.

दुसऱ्या पावसाळ्यात फेऱ्या कमी होतात. तेव्हा मोरीच्या जागचे काठ, झऱ्यांचे चर आणि तीव्र उतारावरचा लावलेला भराव एवढंच पाहा, आणि काठांवर रानमोडी दाटत असेल तर फुलं येण्याआधी, पावसाळा संपता संपता उपटून घ्या.